सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलल्यावर बाइकचे ट्यूनिंग करावेच लागते का?

बाइकला नवा सायलेन्सर बसवला की दोन प्रकारचे सल्ले हमखास मिळतात. एक जण सांगतो, "आता ट्यूनिंग करून घे, नाहीतर इंजिन जाईल." दुसरा म्हणतो, "हल्लीच्या एफआय गाड्या स्वतःच सगळे जुळवून घेतात, काही करावे लागत नाही." हे दोन्ही सल्ले काही गाड्यांच्या बाबतीत बरोबर आणि काहींच्या बाबतीत साफ चूक असतात. चूक झाली तर एकतर नको त्या कामावर पैसे जातात किंवा इंजिनाचा व्हॉल्व्ह, पिस्टन खराब होतो. त्यामुळे कोणत्या बदलानंतर ट्यूनिंग लागते आणि का, हे समजून घेणे गरजेचे आहे.

थोडक्यात उत्तर

- मूळ एअरबॉक्समध्ये दुसऱ्या कंपनीचा फिल्टर बसवला किंवा फक्त सायलेन्सरचा मागचा भाग बदलला, तर एफआय गाडीला बहुतेक वेळा ट्यूनिंगची गरज नसते.
- इंजिनापासून शेवटपर्यंत पूर्ण एक्झॉस्ट बदलला आणि फिल्टरही मोकळा केला, तर तपासणी करायलाच हवी. अशा वेळी ट्यूनिंग लागण्याची शक्यता मोठी असते.
- एअरबॉक्स काढून उघडा पॉड फिल्टर लावला, तर गाडी कार्ब्युरेटरची असो वा एफआय, ट्यूनिंगशिवाय चालवू नये.
- ट्यूनिंग उत्तम झाले म्हणून बदल कायदेशीर ठरत नाही.

"ट्यूनिंग" म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे गॅरेजमध्ये "ट्यूनिंग करून द्या" असे म्हटले की मिस्त्री बहुतेकदा आयडल स्क्रू आणि एअर स्क्रू फिरवून गाडीची रेस नीट लावतो, प्लग साफ करतो, टॅपेट बघतो. सर्व्हिसिंगचा भाग म्हणून हे काम योग्यच आहे. पण त्याचा परिणाम गाडी उभी असताना आणि मूठ अगदी थोडी पिळलेली असतानाच जाणवतो.

या लेखातले ट्यूनिंग वेगळे आहे. इंजिनाच्या प्रत्येक वेगाला आणि मुठीच्या प्रत्येक स्थितीला किती पेट्रोल द्यायचे, आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची, याची नव्याने जुळणी म्हणजे हे ट्यूनिंग. कार्ब्युरेटरच्या गाडीत ही जुळणी जेट आणि निडल बदलून होते. एफआय गाडीत ती ईसीयू या छोट्या संगणकात साठवलेल्या आकड्यांच्या तक्त्यात होते. या तक्त्याला मॅप म्हणतात.

हवा आणि पेट्रोलचा हिशेब

१ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण १४.७ : १ असे लिहितात. पेट्रोल त्यापेक्षा कमी असेल तर मिश्रण "लीन" आणि जास्त असेल तर "रिच" झाले असे म्हणतात. संथ, एकसारख्या वेगात गाडी १४.७ च्या आसपास छान चालते. पूर्ण मूठ पिळल्यावर मात्र कंपनी मुद्दाम जास्त पेट्रोल देते. जास्तीत जास्त ताकद साधारण १२.५ ते १३.२ या प्रमाणाला मिळते, आणि जादा पेट्रोलाच्या वाफेने ज्वलनकक्षही थोडा थंड राहतो.

रॉयल एनफील्डची नवी क्लासिक ३५० हे ओळखीचे उदाहरण घेऊ. तिचे इंजिन ३४९ सीसीचे, एका सिलिंडरचे आहे. ४,००० आरपीएमला ते मिनिटाला २,००० वेळा हवा आत ओढते, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांनी एकदाच हवा आत येते. सिलिंडर दर वेळी ८० टक्के भरतो असे धरले तर मिनिटाला सुमारे ५६० लिटर, म्हणजे अंदाजे ६५० ग्रॅम हवा आत जाते. पूर्ण मुठीवर १३ : १ प्रमाण ठेवायचे तर मिनिटाला ५० ग्रॅम पेट्रोल लागेल. (हा हिशेब समजण्यासाठी आहे. त्यात शुद्ध पेट्रोल धरले आहे.)

आता सायलेन्सर बदलल्याने हवा ५ टक्के वाढली, पण पेट्रोल तेवढेच राहिले, असे समजू. हवा सुमारे ६८३ ग्रॅम झाली आणि प्रमाण १३.७ वर गेले. मिश्रण पूर्वीपेक्षा लीन झाले, पण अजून १४.७ च्या आतच आहे. कंपनीने ठेवलेल्या सुरक्षित फरकातला काही भाग खर्च झाला, इतकेच.

हाच वाढीचा आकडा १५ टक्के असेल तर? हवा सुमारे ७४८ ग्रॅम आणि प्रमाण १५ : १. पूर्ण मूठ पिळून घाट चढताना किंवा हायवेवर ओव्हरटेक करताना हे प्रमाण इंजिनाला झेपणारे नाही.

ट्यूनिंगचा सगळा प्रश्न या हिशेबात आहे. हवा किती वाढली आणि त्या वाढीची दखल इंजिनाला घेता येते का, या दोन गोष्टींवर उत्तर ठरते.

मिश्रण लीन झाले तर काय होते?

जोर लावताना मिश्रण लीन असले की ज्वलनकक्षाचे तापमान वाढते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सर्वात जास्त उष्णता सोसावी लागते, त्यामुळे त्याची कड जळू शकते. इंजिनात टकटक असा धातूचा आवाज येऊ लागतो. याला नॉकिंग म्हणतात, आणि ते दीर्घकाळ चालू राहिले तर पिस्टनच्या माथ्याला इजा होते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ही जोखीम जास्त असते. मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये उभे राहून ते आधीच तापलेले असते.

रिच मिश्रणाने इंजिन लगेच बिघडत नाही, पण तोटे असतात. अॅव्हरेज कमी होते, प्लग काळा पडतो, धूर वाढतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि ऑइलमध्ये मिसळते. एक्झॉस्टमधल्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये ते पोहोचले की तिथे जळते, आणि अतितापाने कन्व्हर्टर निकामी होतो. म्हणून "लीन नको, तर जरा जास्तच पेट्रोल देऊन ठेवू" हा उपायही खरा नाही.

सायलेन्सर आणि फिल्टर नेमके काय बदलतात?

"इंजिनाला बॅकप्रेशर लागतेच" असे पुष्कळदा ऐकू येते. खरे म्हणजे बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा अडथळा इंजिनाला कधीच उपयोगी नसतो. उपयोगी असतात त्या दाबाच्या लाटा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की पाइपमधून दाबाची लाट निघते आणि पाइप जिथे रुंद होतो तिथून उलट दाबाची लाट परत येते. ती योग्य क्षणी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून घेते आणि ताज्या हवेला जागा करून देते. बेंड पाइपची लांबी आणि व्यास कंपनीने या लाटांचा विचार करून ठरवलेले असतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. फक्त मागचा सायलेन्सर बदलला तर बेंड पाइप तसाच राहतो, म्हणून परिणाम मर्यादित असतो. उलट, जाडजूड पाइपचा पूर्ण एक्झॉस्ट लावला तर वरच्या आरपीएमला ताकद वाढून खालच्या आरपीएमचा पिकअप कमी होऊ शकतो. हा पिकअप बॅकप्रेशर गेल्यामुळे कमी होत नाही. लाटेची वेळ चुकते म्हणून तो कमी होतो.

फिल्टरचेही तसेच आहे. तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर अमेरिकेतल्या के अँड एन कंपनीमुळे जगभर प्रसिद्ध झाले. मूळ एअरबॉक्समध्ये बसणारा असा फिल्टर हवेचा अडथळा थोडा कमी करतो. पण हवा अजूनही त्याच डब्याच्या त्याच तोंडातून येते, म्हणून एकूण वाढ लहान असते. एअरबॉक्सच काढून टाकला तर गोष्ट पूर्ण बदलते. तो डबा रिकामी जागा भरायला ठेवलेला नसतो. हवेचा शांत साठा ठेवणे, आवाज दाबणे आणि काही आरपीएमला लाटांचा फायदा देणे ही त्याची कामे आहेत.

आणखी एक मुद्दा धुळीचा. गावाकडचे कच्चे रस्ते, उसाच्या ट्रॅक्टरमागची धूळ, शहरातली बांधकामे या सगळ्यांत उघडा फिल्टर लवकर भरतो. तेलाचा फिल्टर वेळेवर धुतला नाही किंवा कोरडाच बसवला, तर बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. त्या नुकसानीवर कोणतेही ट्यूनिंग चालत नाही.

कार्ब्युरेटरच्या गाड्या

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस६ नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटर नव्या बाइकमधून जवळपास हद्दपार झाला. पण त्याआधीच्या बुलेट, क्लासिक, पल्सर, युनिकॉर्न अजून लाखोंनी रस्त्यावर आहेत.

कार्ब्युरेटरला सेन्सर नसतो, तरी तो अगदीच आंधळा नसतो. हवा त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल वर येते. हवा जास्त खेचली गेली की पेट्रोलही जास्त येते. म्हणून नुसत्या सायलेन्सरने झालेली थोडी वाढ कार्ब्युरेटर बऱ्याच अंशी सांभाळून घेतो.

एअरबॉक्स काढल्यावर मात्र हे गणित बिघडते. बंद डबा आणि फिल्टर यांचा अडथळा एखाद्या अर्धवट लावलेल्या चोकसारखा काम करत असतो. त्यामुळे गळ्यातली ओढ वाढते. तो अडथळा गेला की हवा सहज येते, ओढ कमी होते आणि पेट्रोल कमी पडते. जुन्या गाड्यांना पॉड फिल्टर लावल्यावर मधल्या आरपीएमला गाडी अडखळते, मिसिंग मारते, ती याचमुळे.

इथे उपाय जेटिंगचा. मूठ कुठे असताना काय जबाबदार असते, हे ढोबळमानाने असे:

- मूठ बंद ते पाव: स्लो जेट आणि एअर स्क्रू
- पाव ते पाऊण: निडल आणि तिच्या क्लिपची खाच
- पाऊण ते पूर्ण: मेन जेट

मिसिंग नेमके कुठे होते हे या यादीवरून शोधता येते. पूर्ण मुठीवर गाडी दमत असेल तर एअर स्क्रू फिरवून उपयोग नाही, मेन जेट एक आकडा मोठा लावून पाहावा लागतो. अर्ध्या मुठीवर अडखळत असेल तर क्लिप एक खाच खाली घ्यावी. त्याने निडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. बदल एका वेळी एकच करावा आणि मूळ जेट सांभाळून ठेवावेत.

एफआय गाड्या: किती जुळवून घेतात?

एफआय गाडीत ईसीयू अनेक सेन्सर वाचतो: मूठ किती उघडली, इंजिनाचा वेग किती, इनटेक पाइपमध्ये हवेचा दाब किती, हवा किती गरम. हवा प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर कारमध्ये सर्रास असतो, पण बाइकमध्ये क्वचितच. म्हणजे ईसीयू हवा मोजत नाही, तो तिचा अंदाज करतो. हा अंदाज कंपनीच्या मूळ सायलेन्सर आणि फिल्टरवर बेतलेला असतो.

अंदाज चुकला तर तो सुधारण्यासाठी एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन उरला म्हणजे मिश्रण लीन, उरला नाही म्हणजे रिच, हे तो ईसीयूला सांगतो आणि ईसीयू लगेच पेट्रोल कमी-जास्त करतो. या अवस्थेला क्लोज्ड लूप म्हणतात. "एफआय गाडी स्वतः जुळवून घेते" हे म्हणणे या अवस्थेपुरते खरे आहे. पण त्याला तीन मर्यादा आहेत.

पहिली, ही सुधारणा साधारणपणे संथ आणि एकसारख्या वेगातच चालते. पूर्ण मूठ पिळली की ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करून फक्त मॅपवर चालतो. याला ओपन लूप म्हणतात. लीन मिश्रणाचा धोका सर्वात जास्त असतो तेव्हाच सेन्सरची मदत नसते. वरच्या हिशेबातला १५ : १ हा आकडा म्हणूनच महत्त्वाचा आहे.

दुसरी, बहुतेक बाइकमधला सेन्सर अरुंद पल्ल्याचा असतो. मिश्रण १४.७ च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो सांगतो. किती अलीकडे किंवा पलीकडे, ते त्याला नीट कळत नाही. पूर्ण मुठीचे १३ हे प्रमाण त्याला तपासताच येत नाही.

तिसरी, ईसीयूला दिलेल्या दुरुस्तीच्या मुभेला मर्यादा असते. त्याबाहेर गेले की डॅशवरचा इंजिनाचा दिवा लागतो.

एफआय कुठे खरोखर उपयोगी पडते, हे लेहच्या रस्त्यावर दिसते. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन तृतीयांश उरतो. कार्ब्युरेटरची गाडी तिथे रिच होऊन धापा टाकते. एफआय गाडी दाबाचा सेन्सर वाचून पेट्रोल कमी करते. कारण हा बदल ईसीयूला मोजता येतो. नव्या एक्झॉस्टमुळे सिलिंडर किती अधिक भरला, हे मात्र त्याला थेट मोजता येत नाही.

कोणत्या बदलानंतर काय करावे?

*फक्त फिल्टर, मूळ एअरबॉक्समध्ये:* एफआय गाडीला ट्यूनिंग नको. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगचा रंग पाहावा. गरज पडली तर क्लिपची एक खाच पुरते.

*फक्त मागचा सायलेन्सर:* बऱ्याच बीएस६ गाड्यांत कॅटलिटिक कन्व्हर्टर बेंड पाइपमध्ये असतो. तो जागेवर राहिला तर सहसा ट्यूनिंग लागत नाही. जोडावरचे गॅस्केट नवे टाकावे.

*सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही:* ही सीमारेषा आहे. काही गाड्या व्यवस्थित चालतात, काही लीन होतात. अंदाज न बांधता मोजून घ्यावे.

*कन्व्हर्टरशिवाय पूर्ण एक्झॉस्ट:* ट्यूनिंग लागते असे धरूनच खर्चाचा हिशेब करावा. अशी गाडी रस्त्यावरच्या प्रदूषण नियमांत बसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

*एअरबॉक्सशिवाय पॉड फिल्टर:* ट्यूनिंग अनिवार्य.

*कॅम, बोअर किंवा कॉम्प्रेशन बदलले:* मूळ मॅप आता उपयोगाचा नाही. पेट्रोलबरोबर ठिणगीची वेळही नव्याने बसवावी लागते.

ई२० पेट्रोलची भर

सध्या देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने ते जळायला कमी हवा लागते. शुद्ध पेट्रोलचे १४.७ हे प्रमाण ई२० साठी सुमारे १३.५ होते. याचा अर्थ, जुन्या जेटवर चालणारी कार्ब्युरेटरची गाडी काहीही न बदलता शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ८ टक्के लीन होते. त्यात मोकळा फिल्टर आणि सायलेन्सर आला की तूट वाढते. पंधरा वर्षांपूर्वी एखाद्या मित्राने "मी जेट न बदलताच चालवली, काही झाले नाही" असे सांगितले असेल, तर तो अनुभव आजच्या पेट्रोलला लागू पडत नाही. क्लोज्ड लूपमध्ये एफआय गाडी हा फरक भरून काढते.

फटफट आवाज आणि निळा पाइप

मूठ सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊ लागला की "गाडी लीन झाली" असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो नेहमी खरा नसतो. बऱ्याच गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये बाहेरची हवा सोडणारी यंत्रणा असते. मूठ सोडली की न जळलेले पेट्रोल आणि ही हवा गरम पाइपमध्ये भेटतात आणि पेटतात. मूळ सायलेन्सर तो आवाज दाबत होता, नवा दाबत नाही. अनेकदा बेंड पाइपच्या जोडातून आत शिरणारी हवाही कारण असते. अशी गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सर फसतो, मिश्रण लीन समजतो आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवतो. म्हणून ट्यूनिंगला जाण्याआधी गळती तपासणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे.

पाइप निळा पडणे हाही पक्का पुरावा नव्हे. एकेरी पत्र्याचा क्रोम पाइप साध्या उष्णतेनेही निळा पडतो. अधिक खात्रीची लक्षणे वेगळी आहेत: जोर लावल्यावर गाडी अडखळणे, चढावर टकटक, इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापणे, प्लगचे टोक पांढरे दिसणे. यातले एकही लक्षण सतत दिसले तर गाडी दामटणे थांबवून तपासणी करावी.

ट्यूनिंग कसे होते?

खरी तपासणी डायनोवर होते. बाइकचे मागचे चाक एका जड रोलरवर ठेवून पळवले जाते आणि ताकद मोजली जाते. त्याच वेळी सायलेन्सरमध्ये रुंद पल्ल्याचा सेन्सर घालून हवा-पेट्रोलचे प्रमाण प्रत्येक आरपीएमला नोंदवले जाते. गाडी कुठे लीन आहे ते या आलेखावर स्पष्ट दिसते. त्यानंतर तीनपैकी एक मार्ग निवडतात.

पहिला, ईसीयू रीमॅप. मूळ ईसीयूमधला तक्ताच बदलला जातो. सर्वात सफाईदार मार्ग, पण प्रत्येक गाडीचा ईसीयू उघडता येत नाही आणि वॉरंटीचा प्रश्न येतो.

दुसरा, पिगीबॅक. मूळ ईसीयू आणि इंजेक्टर यांच्यामध्ये एक डबी बसते आणि पेट्रोल कमी-जास्त करते. अमेरिकेतल्या डायनोजेटचे पॉवर कमांडर आणि बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक ही याची उदाहरणे. ती काढून गाडी पूर्ववत करता येते. मात्र त्यातला तयार मॅप दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीवर बनलेला असतो, हे विसरू नये.

तिसरा, ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल बदलणारी स्वस्त डबी. ही फक्त क्लोज्ड लूपमध्ये मिश्रण थोडे रिच करते. गाडी संथ वेगात गुळगुळीत वाटते, पण पूर्ण मुठीवरची तूट तशीच राहते. इंजिन वाचवण्यासाठी ती घेतली असेल तर नेमक्या गरजेच्या ठिकाणी तिचा उपयोग नाही.

ट्यूनरकडून बदलाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आलेख मागावेत. त्यात प्रमाणाची रेषा नसेल आणि फक्त ताकदीचा आकडा असेल, तर तपासणी अर्धीच झाली.

हाती किती लागते?

क्लासिक ३५० ची कंपनीने जाहीर केलेली ताकद ६,१०० आरपीएमला २०.२ बीएचपी आहे. पूर्ण एक्झॉस्ट, फिल्टर आणि चांगले ट्यूनिंग यांनी अगदी ५ टक्के वाढ झाली असे धरले, तरी ती १ बीएचपीच. लहान एकसिलिंडर इंजिनात हाच खरा हिशेब असतो. मोठ्या आणि वेगवान आरपीएमच्या इंजिनात फायदा जास्त मिळतो. ट्यूनिंगचा जाणवणारा लाभ बहुधा कमाल ताकदीत नसतो. मूठ पिळताच गाडी न अडखळता उठते, तो मधल्या आरपीएमचा गुळगुळीतपणा हा खरा लाभ.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ (४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि हवा प्रदूषणाचे निकष मोडले तर कलम १९० (२) लागते. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे. १७५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलला निर्मितीच्या वेळी ८० डेसिबलची, तर ८० ते १७५ सीसीसाठी ७७ डेसिबलची मर्यादा आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले आहेत.

पीयूसी मिळाली म्हणजे गाडी ठीक, असाही समज आहे. दुचाकीची पीयूसी चाचणी गाडी जागेवर उभी असताना होते. चालत्या गाडीत, जोर लावताना मिश्रण कसे आहे, हे त्यातून कळत नाही. आवाजही त्यात मोजला जात नाही.

नेहमीचे काही प्रश्न

*बॅटरी काढून ठेवली की ईसीयू नवा सायलेन्सर "शिकतो" का?*
काही गाड्यांत जुन्या दुरुस्त्या पुसल्या जातात आणि क्लोज्ड लूपमध्ये नव्याने शिकणे सुरू होते. पूर्ण मुठीचा मॅप त्याने बदलत नाही.

*डीबी किलर काढला तर पुन्हा ट्यूनिंग लागेल का?*
आवाज खूप वाढतो, प्रवाह थोडाच बदलतो. पण गाडी डीबी किलर लावून ट्यून केली असेल तर ती तशीच चालवावी.

*आधी ट्यूनिंग की आधी पार्ट?*
आधी सगळे पार्ट, मग एकदाच ट्यूनिंग. आज सायलेन्सर आणि पुढच्या महिन्यात फिल्टर लावायचा असेल, तर आजचे ट्यूनिंग पुढच्या महिन्यात वाया जाते.

*मूळ पार्ट विकावेत का?*
नाही. मूळ सायलेन्सर, फिल्टर आणि जेट जपून ठेवावेत. वॉरंटी, गाडीची विक्री आणि पोलिस तपासणी या तिन्ही वेळी ते लागतात. ट्यूनिंगनंतर काही बिघडले, तर ते परत बसवून पाहणे हीच दोष शोधण्याची पहिली पायरी असते.